प्रश्न चौथा, गुण दहा

चिमणबागेजवळच्या शाळेत
सहावीच्या बाकात गुडघे अडकवून
त्रेपन्नाव्या वर्षी बसलोय,
तामीलवाल्याचा बाबू व्हायला.
प्रश्न चौथा: शासनाच्या न्याय खात्याची भूमिका व रचना
आकृतीसह स्पष्ट करा.
उत्तर हिंदीत लिहायचं.
मी आधी मनात मराठीत मांडून घेतो,
दुधाचा हिशेब मांडतो तसा.

सगळ्यात वर भोपाळ.
तिथे प्रमुख सचिव, एरवी न्यायाधीशच असतो तो,
कायद्यांचे मसुदे तपासतो, अल्पविरामाला अडतो.
खाली उपसचिव, अवर सचिव, कक्ष अधिकारी.
सरकारतर्फे कोर्टात कोण उभं राहील,
नोटरीची पाटी कुणाच्या दारावर लागेल,
खटल्याला मंजुरी द्यायची की फाइल झोपवायची,
एवढं खात्याचं.
न्याय देणं हे खात्याचं काम नाही.
हे वाक्य अधोरेखित करायचं,
गाइडमध्ये जाड ठशात आहे.
न्यायालय वेगळं, त्याचा जिना वेगळा:
जबलपूर, मग इथलं खंडपीठ,
जिल्हा न्यायाधीश, प्रस्तुतकार, नाजिर,
नाजिराच्या टेबलाखाली पत्र्याची पेटी,
पेटीत समन्स,
समन्सखाली मी.

चौकटींसाठी मुलीची पट्टी आणलीय.
माझी चौकट पानाच्या अगदी काठावर येते.
तिथून बाण काढायचा
तर तो पानाबाहेर जातो,
सिलावटपुऱ्यात,
गेंदाबाई कछवायच्या जिन्यापाशी.

मे महिना. चपला डांबराला चिकटत होत्या.
पिशवीत अजून एकोणीस कागद
आणि जिना तीन मजल्यांचा, कठड्याच्या जागी दोर.
दुसऱ्या मजल्यावर टेकलो. पाणी प्यालो.
तिथेच गुडघ्यावर ठेवून लिहिलं:
घर बंद. दोनदा हाक मारली. नक्कल दारावर चिकटवली.
नक्कल जिन्याच्या भिंतीला लावली होती.
गोंद ओला होता, पडली असेल.
खाली पानवाल्याची सही, पंक्चरवाल्याची सही.
"बस इत्ताच, भिया?" म्हणाले दोघं.

निकाल एकतर्फी झाला.
खोली गेली.

सात महिन्यांनी नक्कल शाखेच्या खिडकीशी ती उभी.
तिनं मला ओळखायचं कारण नव्हतं,
आम्ही भेटलोच नव्हतो.
"दरवाजा तो खुला ही रहता है भैया,
गर्मी में कौन बंद करे."
अर्ज लिहिणारे शंभर मागत होते.
मी पेन काढलं.
आदेश नऊ, नियम तेरा, मला पाठ आहे.
अर्जदाराला समन्स मिळालं नाही.
तामील करणाऱ्याचा अहवाल असत्य आहे.
असत्यचा अ नेहमीसारखाच उताणा पडला.
तिनं अंगठा दिला,
शाई पुसायला माझाच रुमाल घेतला.

त्या फाइलीत आता
पान अकरा माझ्या हातचं,
पान चौतीस माझ्या हातचं,
मधली बावीस शिक्क्यांची,
सगळी एका सुतळीत.
वकिलांनी चाळली, प्रस्तुतकारानं आकडे टाकले.
अक्षर कुणी पाहिलं नाही.
तीन तारखा अशाच गेल्या.
मग साहेबांना वाटलं, ज्यानं तामील केली
त्यालाच विचारावं.

शनिवारी पेटीतून निघालं:
साक्षीसाठी समन्स,
नाव दिगंबर रेठरेकर, हल्ली मुक्काम रामबाग.
नाजिरांनी न वाचताच
माझ्या पिशवीत टाकलं.
देणाऱ्याच्या सहीची जागा कोरी,
घेणाऱ्याच्याही.
दोन दिवस खिशात आहे,
घडीवर घामाची रेघ उमटलीय.

वीस मिनिटं उरली.
भूमिका लिहायची राहिलीच.
सगळे बाण वरून खाली काढलेत,
शेवटच्या चौकटीत पदनाम घालायचंय
आणि पट्टी सारखी सरकतेय.
पर्यवेक्षक बाकाशी थांबून विचारतात,
पुरवणी हवीय का?